शुक्रवारचा चुकीचा नंबर

मंगळवार, ४ जून

प्रिय रेघोट्या,

खूप खूप आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून ताईला पेन हातात धरावं लागलं. अक्षर किती बिघडलंय ते दिसेलच. मी मजेत, बाबाही बरे आहेत.

आता मुख्य बातमी. आमच्या ग्रंथालयात मी वाचकांकडून इंटरनेटवरच्या आवडत्या चित्रकथेसाठी, म्हणजे वेबकॉमिकसाठी, मतं मागवली होती. गेमवाले, पीएच.डी.वाले, दिवसभर संगणकात डोकं घालून बसणारे, सगळे तुटून पडले. आणि काल निकाल लागला, तुझं 'कपाटातला ड्रॅगन' पहिलं आलं. मी काउंटरमागे अक्षरशः नाचले. कधीही न हसणाऱ्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी, पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला ड्रॅगन गिळतो तो भाग छापून आपल्या दारावर लावलाय.

आणि तू परवा रविवारी साइटवर जाहीर करतोस की येत्या शुक्रवारी शेवटचा भाग. का, तर 'एक खडूस सोडला तर कोणी वाचत नाही.' अरे, सगळेच वाचणारे खाली प्रतिक्रिया लिहीत बसत नाहीत.

त्या खडूसाबद्दल जरा बोलायचंय. तोच तुझा 'जुना वाचक', दर शुक्रवारी चित्रातल्या पुस्तकांच्या पाठीवरचे वर्गीकरणाचे नंबर तपासून 'हे पुस्तक या कपाटात नसतं' म्हणून कुरकुरणारा. मागे वैतागून तू लिहिलंस, 'आजोबा, जरा बाहेर जाऊन ऊन खा.' ते मी वाचून दाखवलं, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

कळलं ना कोण? टाइप मी करते, सांगतात बाबा. तू संशोधन सोडून चित्रं काढायला गेलास तेव्हापासून घरात तुझं नाव काढत नाहीत, पण शुक्रवारी सकाळी भिंग घेऊन माझ्याआधी संगणकासमोर हजर. जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केलेला माणूस, मायासुद्धा नंबर तपासूनच करणार.

गेल्या शुक्रवारी तू एकही नंबर चुकवला नाहीस. त्यांनी पुन्हा पुन्हा भिंग फिरवलं. "सगळं बरोबर आहे," म्हणाले, "मग आता मी लिहू काय?" आणि उठून आत गेले. काल निकाल ऐकून मात्र शेजारी 'आमच्या पोराचं आहे' असं सांगून आले. शेवटच्या भागाचं त्यांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

बंद करू नकोस रे. तुझी मर्जी, पण या शुक्रवारी एक तरी नंबर चुकव. मी टाइप करायला तयार बसते.

तुझी ताई,
जुन्या वाचकाची टंकलेखिका