स्वयंपाकघरातलं धुकं

५ जानेवारी, सोमवार
किड्यांचा तो जुना हॉरर गेम रिमेकसाठी आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत आला. मूळ गेममध्ये परदेशी बंगला होता, परदेशातल्या क्लायंटला आता मुंबईतला फ्लॅट हवाय. पहिला सीन स्वयंपाकघर. आमचे आर्ट डायरेक्टर नंदकिशोर सर यांनी मला आणि अबोलीला एकेक किचन करायला सांगितलं. ज्याचं पास होईल तो पुढचा गेम लीड करणार. अबोलीला कॉलेज सोडून वर्ष झालंय जेमतेम. बिचारी.
लीड झालो की वसुधापण परत येईल. बायको मुलुंडला माहेरी जाऊन बसलीय. कारण क्षुल्लक, झुरळं. तिला यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू बोरिवलीला, स्वतःच्या घरी करायचंय. रथसप्तमीच्या आत पेस्ट कंट्रोल करून घे, मगच मी येते, म्हणाली. रविवारी करतोच.

७ जानेवारी
वातावरणनिर्मिती म्हणजे धुकं. जुन्या गेममधलं झुरळ म्हणजे चार तपकिरी चौकोन, तरी लोक टरकायचे. का? धुकं. किचनमध्ये गुडघाभर धुकं सोडलं. वर कोळिष्टकं. झुरळं मांजराएवढी. झकास.
शेजारचा अ‍ॅनिमेटर प्रितम कीबोर्डवर वडापाव खातो. लसणाच्या चटणीचा चुरा बटणांच्या फटीत जातो आणि तिथेच राहतो. शिसारी आली. कशी राहतात माणसं?

९ जानेवारी
क्लायंटने विचारलं, किचनमध्ये धुकं कशाला? गॅस लीक झालाय का? अरसिक माणूस.
सर म्हणाले, यज्ञेश, झुरळं खोटी वाटतात, तू कधी नीट बघितलंयस का? रोज बघतो, म्हटलं. हे तितकंसं खरं नाही. झुरळ दिसलं की माझी मान आपोआप वळते. ही भीती नव्हे. किळस. कलावंताची नजर नाजूक असते.
संकल्प: रोज दहा मिनिटं झुरळ निरीक्षण.

११ जानेवारी, रविवार
सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला राजाराम सकाळीच दारात. किचनच्या ट्रॉल्या रिकाम्या करून ठेवा असं त्याने आधी सांगितलं होतं म्हणे. मी त्याला समजावलं की सध्या झुरळं हा माझा अभ्यासाचा विषय आहे, आत्ता मारून चालणार नाही. तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला, मग शेजाऱ्यांकडे गेला. कलेची कदर असलेले लोक अजून आहेत.
वसुधाचा फोन. झालं का? ऑलमोस्ट, म्हटलं.
चकली शोधताना मुंजीतला डबा सापडला. आईने माझ्या मुंजीत नाव कोरून सगळ्यांना वाटलेल्या स्टीलच्या डब्यांमधला एक. झाकण उघडलं. लगेच लावलं. आत काय होतं ते इथेही लिहिणार नाही. डबा सिंकमागे सरकवला. उद्या घासतो.
निरीक्षण राहिलं.

१४ जानेवारी
संक्रांत. मुलुंडला जाऊन तिळगूळ घेतला. सासूबाईंनी वडी हातात दिली नाही, ताटलीत ठेवून ताटली पुढे सरकवली. वसुधाने माझी बॅग दाराबाहेरच ठेवायला लावली. म्हणाली, बायकांना आमंत्रणं द्यायचीत, पत्ता कुठला सांगू? बोरिवलीचा सांग, बिनधास्त, म्हटलं.
डबा घासायचाय.

१७ जानेवारी, शनिवार
ऑफिसचा ड्रॉइंग टॅबलेट माझ्याकडे होता, तो न्यायला अबोली घरी आली. पाणी मागायला किचनच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग पाणी नकोच म्हणाली. किचनचे फोटो काढले तर चालतील का, असं विचारलं. खूश झालो. सीनियरच्या घरातला लाइट बघून शिकायचं असेल. काढ की, म्हटलं.
ती ट्यूब बंद करायची, परत लावायची, व्हिडिओ घ्यायची. बराच वेळ. चहा नको म्हणाली, अ‍ॅसिडिटी आहे. बसलीसुद्धा नाही. गॅलरीतून बघितलं तर खाली वॉचमनच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत होती. या मुली भलत्या नाजूक.

१८ जानेवारी, रविवार
राजारामने बेल वाजवली. डेडलाइन असल्यामुळे दार उघडता आलं नाही. सोफ्यामागे बसून काम केलं.
धुकं निळं केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
रिव्ह्यू. आधी माझं किचन. क्लायंट स्क्रीनवरून थँक यू म्हणाला, दुसरं काही नाही. भारावला असावा.
मग अबोलीचं. धुकं नाही, म्युझिक नाही, फक्त नळाचं टिपटिप. तेलाच्या बाटलीवर चिकट धूळ. ओट्याचं फडकं वाळून कडक झालेलं. ट्यूब फडफडून लागली आणि झुरळं सैरावैरा पळाली. एक पळालं नाही. सिंकमागच्या डब्यावर बसून नुसत्या मिशा हलवत राहिलं. घर त्याचंच असल्यासारखं.
प्रितमने वडापाव खाली ठेवला. साउंडवाल्या शर्मिष्ठाने तोंडावर हात धरला. मुद्दा मांडणं गरजेचं होतं. मी मोठ्याने म्हणालो, "हे फार ओव्हर झालं. अशा घरात कोण माणूस राहील?"
अबोली खाली बघत होती.
क्लायंट म्हणाला, त्या डब्यावर कोरलेलं काय आहे ते जवळून दाखवा, लिपी भयंकर वाटतेय. अबोली म्हणाली राहू दे, पण प्रितमने झूम केलं. सरांनी वाचलं.
"चि. यज्ञेशच्या मुंजीप्रीत्यर्थ. टिपणीस परिवार."
क्लायंटने दोनदा अर्थ विचारला.

२४ जानेवारी
अबोली लीड. डब्यावरचं नाव काढायचं राहून गेलं, सॉरी, म्हणाली. पण फोटो काढ असं तूच म्हणालास ना? म्हणालो होतो.
गेमच्या शेवटी माझं नाव येणार. लोकेशन सौजन्य. महिनाअखेरपर्यंत पेस्ट कंट्रोल करू नकोस, आणखी शूट लागेल, असं सर म्हणाले.

२५ जानेवारी, रथसप्तमी
सकाळी वसुधाला फोन केला. आपलं किचन गेममध्ये सिलेक्ट झालं, म्हटलं. कुठला गेम ते तिला माहीत आहे.
मग म्हणाली, "एकच सांग यज्ञेश. त्यांना झुरळं वेगळी बनवावी लागली का रे?"
काहीतरी थाप मारता आली असती. सुचली नाही. नाही, म्हणालो.
हळदीकुंकू मुलुंडला आहे. बायकांना तिने परवाच तो पत्ता दिलाय. तू येऊ नकोस, म्हणाली, आणि ठेवला.
दुपारी किचनमध्ये गेलो, ट्यूब लावली. बाकीची पळाली. डब्यावरचं पळालं नाही. आज पहिल्यांदा माझीही मान वळली नाही. त्याची किळस आली नाही. माझी आली.
घासणी उचलली. डबा हातात घ्यायचा तर आधी ते उठायला हवं होतं. शुक, म्हटलं. त्याने मिशा हलवल्या.
शेवटी मीच ट्यूब बंद करून बाहेर आलो.