गच्चीवरचा कलश

जेसल पार्क, भाईंदर (पू.)
६ फेब्रुवारी २००६

रसिकाताईस नमस्कार.

बाळ कसंय? रात्रीचं जागवतं का? नाव काहीही ठेवा, आजोबांचं नको, शाळेत पोरं चिडवतील. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे.

माझं काम संपलं. तेच, नदीवरून तत्त्वज्ञान सांगणारी डॉक्युमेंट्री. कल्याणहून होडीने आपल्या खाडीपर्यंत, चार दिवस. मी उजेडासाठी थर्माकोल धरायचो. आमचे दिग्दर्शक जितेंद्र सर नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "पाणी म्हणजे काळ." होडी चौक गावच्या पंढरीनाथकाकांची. ते म्हणाले, "काळ-बिळ न्हाय सर, गटार हाय." खरंच. काळा फेस, फुगलेलं डुक्कर, निर्माल्याच्या पिशव्या. मी तोंड फिरवायचो. आता त्या पाण्याची किळस येत नाही. माझी येते.

शेवटच्या दिवशी सरांना मृत्यूवर सीन हवा होता, अस्थी सोडणारा माणूस. मी बोलून गेलो, "आमच्याकडे आहेत ना." मोठेपणा, दुसरं काय. आईचा कलश घरात आणायचा नाही म्हणून गच्चीवर टाकीच्या पाइपला बांधलेला. बाळंतपण होईपर्यंत थांबा, नाशिकला माझ्याच हाताने सोडणार, असं तू फोनवर रडून सांगितलं होतंस. मला आठवत होतं, ताई. तरी उतरवला.

वाटलं, चिमूटभर सोडू. पहिल्यांदा वारा आला. "वन मोर." दुसऱ्यांदा मी चुकून कॅमेऱ्यात बघितलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "जरा जास्त ओत, दिसत नाहीये." ओतलं. चौथ्यांदा ओतायला काही नव्हतं.

एक हाड तरंगत्या पिशवीवर अडकलं. काकांनी ते वल्ह्याने हळूच पाण्यात लोटलं आणि हात जोडले. सर म्हणाले, "ब्यूटिफुल."

येताना बेकरीच्या भट्टीतली राख कलशात भरली, फडकं बांधलं आणि परत टांगला.

बाबा रोज सकाळी वर जाऊन त्याच्यापुढे उभे राहतात. "रसिका येतेय हां," असं सांगतात त्याला.

एकोणीसला तू येशील आणि ती बेकरीची राख मांडीवर घेऊन नाशिकला निघशील. ते मला बघवणार नाही, म्हणून लिहितोय. आई इथेच आहे, त्या घाणीत. मी सोडलीय.

बाबा आत्ता तांब्या घेऊन जिना चढतायत. पत्र पेटीत टाकायच्या आधी त्यांनाही सांगायला त्यांच्यामागे वर जातो.

सुरुवातीला नमस्कार लिहिलाय, तो खोडत नाही. पण तू घेऊ नकोस.

प्रणित