न जोडलेल्या तारा

३ नोव्हेंबर, सोमवार
झालं! येत्या रविवारच्या वादसभेत अप्पा विरुद्ध दादा. एका खुर्चीत सासरे, दुसऱ्या खुर्चीत सख्खा भाऊ. विषय — हे विश्व कोणी मुद्दाम आखलं, की आपोआप जमून आलं? आणि मधे टेबलावर माझं खोकं!

खोकं म्हणजे विज्ञान केंद्रातलं ‘विश्व घडवा’. तिथल्या कार्यशाळेत मीच बनवलंय. गुरुत्वाकर्षण वगैरेंची तीन फिरती बटणं. तिन्ही नेमक्या जागी आली की काचेमागे तारे लागतात. केसभर हललं की काळोख. अप्पा हरखलेच. “बघितलंस सूनबाई? इतकं काटेकोर आपोआप होतं होय!”

मी नुसती हसले. तिथेच तोंड उघडायला हवं होतं.

४ नोव्हेंबर
तो काळोख खरा नाहीच! केंद्राकडून आकडे आले ते बटणांच्या एकाच जागेचे. बाकी ठिकाणी काय होतं याचं गणित कोणी करूनच दिलं नाही. उद्घाटन तोंडावर आलेलं — मी बाकीच्या जागांना तारा जोडल्याच नाहीत. विश्व बुडत नाही तिथे. वायरच नाही!

५ नोव्हेंबर
दादाचा फोन. “जमून आलं म्हणून तर आपण विचारायला आहोत! बरं चिमे, त्या खोक्याच्या पोटात काय आहे गं?”

“वायरी,” म्हटलं. हसला. त्याला वास लागलाय. भर सभेत मागची फळी उघडेल, अप्पांची शोभा होईल. निवृत्तीनंतर अशा सभा-व्याख्यानांवरच तर जगतायत ते.

६ नोव्हेंबर
भाजीत मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी दही मागून घेतलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
अप्पांना सांगितलं. एका दमात. अप्पांनी चष्मा काढून पुसला. परत पुसला.

“म्हणजे काळोख तू घातलास.”

“घातला नाही अप्पा. तारा जोडायच्या राहून गेल्या.”

न जेवताच खोलीत गेले, दार लावलं. हे म्हणतात, “आजच सांगायचं अडलं होतं?” रडूच आलं मला. उद्या अप्पा घराबाहेर तरी पडतील का?

९ नोव्हेंबर, रविवार
सभेत अप्पांनी उभं राहून स्वतःच खोक्याची फळी उघडली. “हा पुरावा नाही. तारा जोडायच्या राहिल्यात.” दादाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर गुपचूप खिशात टाकला. मागून कोणीतरी विचारलं, “मग तिथे खरं काय होतं?” दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“माहीत नाही,” म्हटलं.

दोघांनी एकदम मान डोलावली. लग्नाला नऊ वर्षं झाली — या दोघांचं एकमत पहिल्यांदाच!