डोरीनची कातर, डोरीनची सुई

टक्, टक्, टक्, मग बारीक घरघर, मग शांतता. व्हिडिओ खेळाच्या यंत्रातले भिंग डिस्कवर काहीतरी शोधत पुढेमागे सरकायचे आणि दमून थांबायचे, त्याचा हा आवाज. सन २००६ च्या हिवाळ्यात तो मी इतक्या वेळा ऐकला की शाळेतल्या कवितेसारखा अजून पाठ आहे. हे मृत्युपत्र नव्याने करण्याचे कारण तोच आवाज आहे, म्हणून आरंभ तेथून.

मी आर्मास रान्ताला, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षक, राहणार थंडर बे, प्रांत ऑन्टारिओ, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढल्यापासून नजरही बरी आहे. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. उलट माझी भाची काय्सा खुर्चीमागे उभी राहून, असले काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असे दर दोन ओळींनी सांगते आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एका व्यक्तीविषयी एक वाक्य होते, ते विशेषकरून रद्द समजावे.

कलम १. राहते घर काय्साला. मागच्या अंगणातली सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तीही तिलाच, परंतु तिथली लाकडाची भट्टी काढून विजेची बसवू नये. माझ्या वडिलांनी ती दगड निवडून रचली. विजेची वाफ अंगाला लागते, मनाला लागत नाही. काय्सा म्हणते, लाकडं फोडायला मामा तेव्हा येणार आहे का? ते तिने पाहावे.

कलम २. बँकेतली शिल्लक माझ्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयाला, कवितांच्या पुस्तकांसाठी. अट एकच, मुलांनी कविता उभे राहून मोठ्याने म्हणाव्यात. मी तिथे विद्यार्थी असताना आमच्या पेल्टिए बाई टेबलावर पट्टीने ताल धरत आणि म्हणत, अर्थ नाही कळला तरी चालेल, श्वास चुकवू नका. बाहेर सरोवरावर बर्फ तडकत असायचे आणि आम्ही चाळीसजण एका श्वासात समुद्राच्या कविता म्हणायचो. त्या खोलीत मी जेवढा सुखी होतो तेवढा पुन्हा फार वेळा झालो नाही.

कलम ३. माझी चार खेळयंत्रे आणि स्वतः विकत घेतलेल्या डिस्क त्याच ग्रंथालयाला. डिस्क कडेने धराव्यात.

कलम ४. आता मूळ मुद्दा. डोरीन हाव्रिलक, पूर्वी बंदरावरच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर नोकरीस, हल्ली राहणार निपिगॉन, हिने लिहिलेले दोन प्रोग्राम माझ्या संगणकात आहेत. एकाचे नाव तिने कातर ठेवले होते. तो डिस्कची हुबेहूब नक्कल घेऊन तिच्यातल्या फायली सुट्या करतो आणि त्यांची यादी लिहितो. दुसऱ्याचे नाव सुई. तो बदललेल्या फायली पुन्हा शिवून नवी डिस्क तयार करतो.

टपालबोटीचा एक जपानी खेळ आम्हा दोघांना फार आवडे. तो इंग्रजीत कधी आलाच नाही. म्हणून चार वर्षे, दर रविवारी, डोरीनच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तो आणला. कातर माझ्याकडे चाले, सुई तिच्याकडे. मी शब्दकोश घेऊन एकेक ओळ उतरवायची, सगळे फोल्डर तिच्याकडे न्यायचे, तिने ते शिवायचे. मधे तिच्या हातचे पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आणि माझ्या अनुवादावर तिचे शेरे. एकदा म्हणाली होती, "अरे, हा नावाडी आहे. तुझ्यासारखा मास्तर नाही. बोलू दे त्याला साधं."

शेवटच्या बेटावर दीपगृह आहे. त्याचा राखणदार चार ओळी म्हणतो. त्या चार ओळींवर मी अकरा आठवडे घालवले. त्यातल्या दोन अशा:

दिवा माझा नाही, वाटही माझी नाही;
मी फक्त अंधाराला वळण देतो.

आणि आमची डिस्क नेमकी त्या दीपगृहाच्या पायरीशी थांबायची. टक्, टक्, टक्. डोरीनने सगळे तपासले. फायलींची लांबी मोजली, दुसरे यंत्र आणले, नव्या कोऱ्या डिस्कवर खेळ पुन्हा उतरवला. एकदा तिने विचारले, "आर्मास, यादीला हात लावला नाहीस ना?"

मी म्हणालो, "मी कशाला लावू?"

तीन महिन्यांनी मी, असे खेळ उतरवणारे लोक इंटरनेटवर जिथे जमतात त्या आमच्या मंचावर, जाहीर लिहिले की सुई डिस्क बिघडवते, कोणी वापरू नये. लोकांनी मास्तरांचा शब्द खरा मानला. त्याच आठवड्यात तिने दोन्ही प्रोग्राम मंचावरून काढून घेतले. फोनवर ती एवढेच बोलली, "दोष कुणाचा ते मला अजून सापडलं नाही. पण तू मला विचारलं नाहीस, सगळ्यांना सांगितलंस." तेव्हापासून सतरा वर्षे आमचे बोलणे नाही आणि खेळ पेटीत पडून आहे.

गेल्या महिन्यात डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बारीक अक्षर पाहायला मनाई केली. कंटाळून मी पेटीतली मूळ डिस्क काढली. बोटांना आज्ञा पाठ होत्या, त्यांच्या भरवशावर आधी कातर चालवली, माझ्या जुन्या अनुवादाच्या फायली आत ठेवल्या आणि, चार वर्षे डोरीनला पाहिले होते तशी, सुईही चालवली. जुन्या मेमरी कार्डावर दीपगृहाअलीकडचा टप्पा राखलेला होता. बोट पायरीशी लागली. मी तो आवाज यायची वाट पाहत बसलो. आला नाही. दार उघडले, दिवा फिरला आणि राखणदार माझ्या ओळी बोलू लागला. साहेब वर्गात आल्यासारखा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

कारण कळायला दोन दिवस लागले. कातर फायली सुट्या करताना एक यादी लिहून ठेवते, डिस्कवर कोणामागे कोण बसले होते याची, आणि सुई त्याच क्रमाने त्यांना पुन्हा बसवते. ती यादी मला वेडीवाकडी दिसायची. छत्तीस वर्षे हजेरीपट लिहिलेला माणूस मी. दर वेळी ती उघडून नावे वर्णक्रमाने लावून ठेवायचो. याला हात लावणे म्हणतात हे माझ्या डोक्यातच आले नाही. या वेळी डोळ्यांमुळे यादी उघडलीच नाही. हा खेळ बाकीच्या फायलींना नावाने हाक मारतो. दीपगृहात मात्र तो नाव विचारत नाही. ठरलेल्या बाकावर जातो आणि तिथे जो बसला असेल त्याला उठवतो. त्या बाकावर मी भलत्यालाच बसवले होते.

लाज वाटली, ते नाकारत नाही. पण त्याआधी इतके हलके वाटले की मी एकटाच सौनेत जाऊन बसलो आणि पेल्टिए बाईंच्या वेळच्या सगळ्या कविता ओळीने म्हणून टाकल्या. एका चांगल्या कारागीर बाईला वाईट समजण्याचे काम मी सतरा वर्षे नेटाने करत होतो. ते आता करावे लागणार नाही.

सबब कातर आणि सुई डोरीनला तिच्या पूर्ण नावानिशी परत. अनुवादावर दोघांचे नाव, तिचे आधी. खेळ लोकांना द्यायचा की जाळायचा हे तिने ठरवावे. ती नाही म्हणाली तर नाही.

कलम ५. हे वाचून काय्सा म्हणाली, "म्हणजे मामा, माफी मागायची ती मेल्यावर. सोय चांगली आहे." म्हणून आज सकाळी सात वाजता मंचावर माझ्या जुन्या आरोपाच्या खालीच दुरुस्ती लिहिली आहे: दोष सुईचा नव्हता, माझा होता, कातरीने दिलेली यादी जशी आहे तशी ठेवावी. जुने वाक्य खोडलेले नाही. वहीतली चूक दिसली पाहिजे. फोन करण्याचे धैर्य मला झाले नाही, हेही नोंदवतो.

कलम ६. माझ्यामागे भाषणे नकोत. कॉफी आणि पुल्ला, आमचा वेलदोड्याचा गोड पाव, पुरे. कोणाला कविता म्हणायची असेल तर पाठ असावी.

हे सर्व मी स्वतः टाइप केले, पुन्हा वाचले, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: थंडर बे. दिनांक: १४ मार्च २०२३.
सही: आर्मास रान्ताला
साक्षीदार पहिली: बर्निस डेरोझिए, शेजारीण (सही)
साक्षीदार दुसरा:

यापुढचे हाताने लिहितो. दुसरा साक्षीदार लॉयड टकर याची गाडी बर्फात रुतली आहे. तो येत नाही, असा फोन आला. इतक्यात खिडकीशी कॉफी पीत बसलेली बर्निस म्हणाली, लाल ट्रकमधून कोणी बाई उतरते आहे. काय्साने दार उघडले.

उंबऱ्यावर डोरीन बूट झाडत उभी आहे. केस पांढरे झाले आहेत. सकाळी मंचावरचे वाचले आणि निघाले, असे म्हणते. काय्साने तिला तिथेच कलम चार वाचून दाखवले. तिने ते कोट न काढता ऐकले, मग दुसऱ्या साक्षीदाराच्या रिकाम्या जागेकडे पाहून पेन मागितले. काय्साने सांगितले की तिला सही करता येणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते.

"मग माझं नाव खोड त्यातून," डोरीन म्हणाली. "माझीच कातर, माझीच सुई, तो मला काय देणार? पण चूक त्याची होती, याला साक्षीदार मीच होणार. आर्मास, पेन दे."