साइमीचा धुतलेला बॉयलर सूट

लापिनलाहती, ३ मार्च

चि. साइमीस आजीचे अनेक आशीर्वाद, आणि एक माफी.

त्या सकाळी मी चूल पेटवली, पायरीवरचं बर्फ लोटलं, राईचं पीठ मळून ठेवलं, आणि तुझ्या बॅगेतला तो कामगारांसारखा अंगभर हिरवा बॉयलर सूट हाती लागला. त्याला बिअरचा नि मोहरीचा वास येत होता. धुतला, इस्त्री केली, घडी घातली. शाबासकीची वाट बघत बसले, तर तू कॉफी न घेताच स्टेशन गाठलंस.

काल तुझ्या आईनं समजावलं की विद्यापीठातली मुलं हा सूट मेजवान्यांना घालतात आणि कधीच धूत नाहीत. धुवायचाच तर अंगात असताना. फिरत्या वाचनालयाच्या बसमधली निम्मी पुस्तकं वाचली मी, कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तू शिक्षण सोडणार, असंही ती म्हणाली. तिथे तुझं नावसुद्धा कुणाला माहीत नाही म्हणे. तुझे आजोबा गेले तेव्हा मीही सांगत असे, मला एकटीलाच बरं वाटतं. खोटं होतं ते. एकट्या मुलांसाठी विद्यापीठानं काढलेल्या ज्या शिवणमंडळाची तू टिंगल करत होतीस, तिथे एका गुरुवारी जाऊन ये.

राग धुऊन टाक, लोभ तसाच ठेव.
तुझी आजी, मार्ता

कुओपिओ, १४ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

गेले. मंडळ चालवणाऱ्या राकेलबाईंनी कॉफी दिली, सुई दिली, विचारलं काही नाही. मी कोपऱ्यात सुटावर कापडी बिल्ला शिवत होते. शेजारी बसलेल्या ओत्सोनं नाक वर केलं आणि जाहीर केलं की इथे साबणाचा वास येतोय. सगळे हुंगायला आले. इस्त्रीची घडी बघून एक मुलगी हसत टेबलाखालीच गेली. मी रडणार होते.

मग पंचायत बसली. निकाल असा की सूट आता अंगात घालून पुन्हा धुवायचा, गोठलेल्या तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात. मी एकटी उतरणार नाही म्हणाले. ओत्सो म्हणाला, "एकटी कशाला? आम्ही काय टॉवेल धरायला येतोय?"

सगळे उतरलो, गं. राकेलबाईंनी सौनाची वाफेची खोली तापवून ठेवली होती. आता मला 'लाँड्री' म्हणतात, पण साइमी हे नावही माहीत झालंय. उन्हाळ्यापर्यंत तरी थांबते.

पुढच्या वेळी प्रत्येकानं घरचं एक कापड आणून दुसऱ्याच्या सुटावर शिवायचंय. आजोबांचं काही मिळेल का? छोटंसं चालेल.

लोभ गोठू देऊ नये.
तुझी लाँड्री

लापिनलाहती, १८ मार्च

चि. लाँड्रीस आशीर्वाद आणि लोकरीचे मोजे.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची हिल्का विचारायला आली, कोण पाहुणे आलेत.

मग तुझी मागणी वाचली. आजोबांचं लाकडं फोडतानाचं जाकीट अजून दाराशी टांगलेलं आहे. ते मी कधीच धुतलं नाही. बाहीला डांबराचा नि तंबाखूचा वास आहे, आता थोडासाच. कात्री घेऊन त्याच्यासमोर बसले. त्यांचा तुकडा कुठल्या ओत्सोच्या मांडीवर बसणार, या विचारानं कापवेना. तेवढ्यात सूप करपलं. नाही जमायचं, पोरी. रागावू नकोस, लोभ असू दे.

आजी

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाकिटाचा वरचा खिसा उसवला आणि न धुता या पाकिटात घातला.