मागच्या सीटचा ब्रेक

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जंगलात राहणाऱ्या माणसाने पत्राला उत्तर द्यायचं नाही असा काही नियम आहे का? शाळेच्या गणवेशांचे दिवस आहेत, शिलाई मशीनवरून उठायला फुरसत नाही, तरी मी लिहायला बसले आहे. तेव्हा तूही बस.

काळजी ह्यांचीच आहे. डॉक्टर म्हणाले, समोरचं मधलं धूसर होत जाणार, कडेकडेचं दिसत राहील, आणि त्यावर औषध नाही. बस चालवणं सुटलं ते ह्यांनी निमूट सोसलं. पण आता दुसऱ्या कोणी चालवलेल्या गाडीत बसायलाच तयार नाहीत. परवा बळेबळे बसने बाजारात नेलं, तर सारा रस्ता ह्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. वळणावर ड्रायव्हरला चार गोष्टी सुनावल्या आणि मधल्याच थांब्यावर उतरले. उरलेलं अंतर भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही पायी तुडवलं.

तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची आणि हे. खालून बस गेली की म्हणतात, गिअर चुकीचा टाकला. बाकी दिवसभर तोंडातून शब्द नाही. एवढा बोलका माणूस असा बसलेला बघवत नाही रे. आहे ती नजर आहे तोवर मला ह्यांना घराबाहेर काढायचं आहे, आणि कसं ते सुचत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण असू दे, आणि ती कागदावर उतरू दे.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमचा पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो आणि मी जागेवर सापडलो नाही तर पत्रं परत घेऊन जातो. तेव्हा माझा कान सोड.

माझं काम तुला ठाऊक आहे. पूर्वी इथून लाकडं वाहणारी छोटी रेल्वे होती. रूळ काढले आणि त्या जागी सायकलींचा रस्ता केला. पडलेल्या फांद्या उचलायच्या, फिरलेल्या पाट्या सरळ करायच्या, आलेल्यांना पुढचा मुक्काम सांगायचा, हा माझा दिनक्रम. दोन्ही टोकांना खांब रोवले आहेत, त्यामुळे मोटार नाही, ट्रक नाही, मोपेडसुद्धा आत शिरत नाही. रेल्वेचाच रस्ता, त्यामुळे चढ कसे बेताचे. जुन्या स्टेशनांच्या खोल्यांत राहायची सोय आहे. लोक सायकलला पिशव्या बांधून येतात आणि चांगले चार-चार दिवस झाडांतून हिंडतात.

माझ्याकडे दोन सीटची सायकल आहे. पुढचा चालवतो, मागचा नुसते पाय मारतो. पुढे तू, मागे भाऊजी. हसू नकोस. शाळेत मला डबलसीट तूच न्यायचीस, आणि काट्यांत पाडलंस ते एकदाच. जरा सराव कर. भाऊजींना मात्र तूच गळ घाल, त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, जरासा रागही चालेल.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

रा. रा. मेहुणेबुवा यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मला वाचून दाखवण्यात आलं. मी सांगतो आहे आणि तुमची ताई लिहिते आहे. मी सांगेन तेवढंच लिहायचं असं ठरलं आहे. (ठरलं आहे. कंसात काय लिहायचं ते ठरलेलं नाही.)

मी जन्मात कोणाच्या मागे बसून गेलो नाही. त्यातून तुमच्या ताईला सायकल येत नाही. काल ती शेजारणीची सायकल घेऊन गल्लीत गेली आणि लॉंड्रीवाल्याच्या इस्त्रीच्या गठ्ठ्यांत जाऊन आडवी झाली. (मला खरचटलंसुद्धा नाही. लॉंड्रीवाला मात्र अबोला धरून आहे. आणि आज कोपऱ्यापर्यंत जाऊन न पडता परत आले, ते हे मुद्दाम सांगत नाहीत.) अशा चालकाच्या हाती जीव द्यायचा म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

शिवाय तुमच्या सायकलला मागे ब्रेक नाही असं समजतं. ज्या गाडीचा ब्रेक माझ्याकडे नाही तिच्यावर मी बसणार नाही. मागे ब्रेक बसवलात तर विचार करीन. (धाकट्या, हे विचार करीन म्हणाले! इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीतून उठून ह्यांनी माळ्यावरचे बूट शोधायला लावले. तू काहीही कर, पण ब्रेक बसव.)

उत्तर वेळापत्रकाप्रमाणे यावं. उशीर चालणार नाही.

आपला,
ताईचा नवरा
(आणि ताई)


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. भाऊजींना एवढंच सांग की ब्रेक बसला, उत्तम बसला, आणि वाट बघतो आहे.

आता तुझ्यापुरतं. मागच्या हँडलला ब्रेकचा दांडा आहे, त्याला वायर आहे, आणि ती वायर सीटखाली जाऊन तिथेच संपते. वळणावर तू एक ठरवलंस आणि त्यांनी मागून करकचून दाबलं तर दोघं थेट ओढ्यात. दाबल्यासारखं वाटावं म्हणून आत एक स्प्रिंग घातली आहे. ही दिवसाढवळ्या बनवाबनवी आहे, मला कळतं. पण माणूस उठतो आहे तर उठू दे. तुझं हसू तेवढं आवर, लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहत नाही.

या लवकर. दोघांनाही नमस्कार.

तुझा धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. पाय माझे आहेत असं अजून वाटत नाही, मशीनचं पायडलसुद्धा जड लागतं.

तू आम्हाला पहिल्या खांबापाशी सोडून मागे फिरलास, तेव्हा मी देवाचं नाव घेऊन पायडल मारलं. हँडल इकडे जायचं, सायकल तिकडे. हे मागून सूचना देत होते: पुढे बघ, कडेला घे, हॉर्न दे. अरे, हॉर्न कोणाला देऊ, खारींना? अर्ध्या तासाने दम लागला आणि सूचना आपोआप थांबल्या. उतार आला की ब्रेक धरला, ब्रेक धरला म्हणून मोठ्याने सांगायचे, आणि पुढे बसून मला हसू फुटायचं. तोंड दाबायला हात मोकळे नव्हते म्हणून ओठ चावत होते.

आणि ह्यांना किती दिसतं रे! मधलं नाही, पण कडेची झाडं सरकताना ह्यांना दिसतात, म्हणजे रस्त्यावर ह्यांना हवं तेच दिसत होतं. पाणी मला दिसायच्या आधी ह्यांनी ऐकलं. मुक्कामी इतर सायकलवाल्यांना पकडून बसच्या गोष्टी सांगत बसले, मला झोप अनावर झाली तरी उठेनात.

एकाच गोष्टीने मी घाबरले. शेवटच्या दिवशी, बोगद्यानंतर तो लांबच लांब सपाट रस्ता आहे ना, तिथे मागून अचानक धप्पकन डोकं माझ्या पाठीवर आपटलं. चक्कर आली असंच वाटलं मला. सायकल थांबवली, खाली उतरले, नको नको ते बोलले. हे शांतपणे म्हणाले, विचार करत होतो. असला कसला विचार? तेव्हापासून ह्यांच्यावर नजर ठेवून आहे. शिवाय त्या खोट्या ब्रेकचं मनाला लागून राहिलंय. खरं सांगावं का ते तू कळव.

तब्येतीला जप. तुझ्या जंगलालाही माझे आशीर्वाद.

तुझी ताई


३० मार्च

रा. रा. मेहुणेबुवा यांस,
स. न. वि. वि.

हे मी स्वतः लिहितो आहे. तुमच्या ताईचा मापाचा जाड कागद आणि रंगीत खडू घेतला आहे. अक्षर हत्तीएवढं आहे, ओळी वर-खाली होतील, सांभाळून घ्या. ती बाहेर गेली आहे, लॉंड्रीवाल्याशी समेट करायला.

ब्रेक खोटा आहे. पहिल्या दाबातच हाताला कळलं. आयुष्यभर ब्रेकवर पोट भरलं मी, स्प्रिंगला फसेन होय? तुम्हाला तिथेच चार शब्द ऐकवणार होतो. पण ती पुढे बसून खुदुखुदु हसत होती. माझे डोळे गेल्यापासून घरात ते हसणं ऐकलं नव्हतं. म्हटलं हसू दे. मग मी प्रत्येक उताराला आणखी जोरात ओरडलो.

आता बोगद्यानंतरचं. मी बस चालवायचो तेव्हा मागे माणसं झोपायची. आरशात दिसायची, माना कलंडलेल्या, तोंडं उघडी. एका वळणाची चूक आणि सगळं संपलं, तरी ही खुशाल घोरतात कशी याचं मला नवल वाटायचं. मला कधी कोणाच्या गाडीत डोळा लागला नाही. बसलोच नाही तर लागणार कुठून.

त्या सपाट रस्त्यावर ऊन-सावली तोंडावरून जात होती. पुढे ती काहीतरी गुणगुणत होती. पाय आपोआप फिरत होते. तिला मी म्हणालो, विचार करत होतो. विचार कसला, मला झोप लागली होती.

तिला सांगायचं असेल तर सांगा. माझ्याच्याने होणार नाही, रडू येईल. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो आहोत, मागची जागा राखून ठेवा.

आपला,
प्रवासी