आतून कडी

५ जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आईची तब्येत आता खूपच सुधारली आहे. काठी घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडते आणि जाता जाता माझ्या स्वयंपाकात चुका काढते, म्हणजे बरी झाली असंच समजायचं. खुब्याचं हाड छान जुळलंय, घरी जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण पुन्हा पडल्या तर अवघड आहे, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

म्हणून आता स्पष्टच लिहिते. आई पडली ती आपल्या बाथरूममध्ये. तिला न्यायला आले होते तेव्हा मी ते नीट पाहिलं. कोपरे काळे, जाळीत केसांचा बोळा, पाणी तुंबलेलं, नळाची टपटप चालूच आणि फरशीवर पाय ठेवायचा तो जीव मुठीत धरून. ते धड झाल्याशिवाय मी आईला पाठवणार नाही. मी स्वतः येऊन ओल्या फरशीवर चालून बघेन. पटलं तर आई तुमची. नाही पटलं तर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी इकडेच राहायला यायचं. यांनी मागची खोली रिकामी करून ठेवली आहे.

आणि हो, बाथरूमची आतली कडी काढून टाका. इथे आई दार नुसतं लोटून अंघोळ करते आणि मी बाहेर उभी राहते. तिला ते आवडत नाही, पण इलाज नाही.

राग मानू नका. लोभ आहे म्हणूनच दटावते आहे.

तुमची,
चिमी


१४ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. अगं, ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या कपाटांना आणि टेबलांना पॉलिश केलं, मोठमोठ्या कचेऱ्यांचे दरवाजे लखलखीत केले, त्याला तू साफसफाई शिकवतेस? तुमच्या मागच्या खोलीला माझा लांबूनच नमस्कार सांग. मला माझं घर सोडायचं नाही आणि तुझ्या आईशिवाय या घरात मला करमत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून मुकाट्याने कामाला लागलो.

जाळी उचलली. खालून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, न जाणो तू जेवायला बसली असशील. नळाचा वायसर बदलला, टपटप थांबली. कोपरे दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले, त्यात कंबरेचा पार काटा ढिला झाला. दार आत उघडायचं, आत कुणी पडलं तर ते अडूनच बसणार. म्हणून बिजागऱ्या फिरवल्या, आता ते बाहेर उघडतं. आधाराला भिंतीत स्टीलचे दोन दांडे बसवले आणि त्यांना लोंबकळूनही पाहिलं. दांडे हलले नाहीत, खांदा मात्र दुखतोय.

फरशीचं आताच सांगत नाही. तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा बाकी आहे. एवढंच सांगतो, तिच्यात तुला तुझा चेहरा दिसेल.

कडीचं बघतो. आईला म्हणावं, सामान बांधायला घे. जावईबापूंना आशीर्वाद. लोभ भरपूर आहे, तो तसाच ठेव आणि नोटिसा तेवढ्या कमी कर.

अण्णा


१९ जानेवारी

घरच्या कारागिरास,
स. न. वि. वि.

चिमीने तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चेहरा दिसेल, इथपर्यंत ती आली आणि मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं, अण्णा किती हौसेने करताहेत. मी म्हटलं, अगं, ते फरशीला मेण चोळताहेत! खरं ना? इतकी वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी. तुमच्या हातात फडकं आलं की कुठे थांबायचं ते तुम्हाला कळत नाही. भाजी चिरायची फळी पॉलिश करून ठेवली होतीत, आठवतं का? किती दिवस आपण वार्निशच्या वासाचा कांदा खाल्ला.

अहो, ओल्या पायाला चमक नको असते, पकड हवी असते. आधी ते मेण उतरवा. तोवर त्या फरशीवर पाऊल टाकू नका, घरात एक खुबा मोडला तेवढा पुरे झाला. मग पांढरे डाग दिसतील त्यांवर व्हिनेगर ओता, थोडा वेळ मुरू द्या आणि घासा. ब्लीच वापरायचं तर ते वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आली की त्याची वाफ घसा धरते. खिडकी उघडी ठेवा. आणि अंघोळ झाली की फरशी कोरडी करायची असते. तो रबरी वायपर भिंतीवर शोभेला टांगलेला नाही.

आता मनातलं लिहिते, कारण चिमी बाजारात गेली आहे. पोर फार करते हो माझं. पण दार लोटलेलं, बाहेर ती उभी, आणि घडीघडीला विचारते की आई, बरी आहेस ना. मी हो म्हणते आणि नळ मोठा सोडते, कारण मला रडू येतं. मला माझ्या घरी, आतून कडी लावून, पोटभर अंघोळ करायची आहे. बाकी काही नको. हे सगळं तुमच्या हातात आहे, आणि तुमच्या हातात मेणाचा डबा आहे, याचीच मला धास्ती वाटते.

लोभ कधी आटला नाही, आटणारही नाही. डोकं तेवढं चालवावं, ही विनंती.

तुमचीच


२ फेब्रुवारी

मुकादमीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पलंगावर पालथा पडलो होतो. फरशी अशी झाली होती की पोस्टमनला आत बोलावून दाखवावी. पहिल्याच अंघोळीला पाय सटकला आणि मी दाणकन खाली बसलो. दांडा हाती लागला म्हणून थोडक्यात निभावलं. मोडली ती फक्त ऐट. चिमीला सांगू नकोस. म्हणजे तू सांगशीलच, पण निदान तुझं हसून झाल्यावर सांग.

पालथा पडून करणार काय, विचार करत राहिलो. आमच्या धंद्यात निम्मं काम चढवायचं आणि निम्मं उतरवायचं. जुना थर मुळापासून काढल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही, हे मी किती पोरांना शिकवलं, आणि स्वतः मात्र घाणीवर मेण चढवून मोकळा झालो! उठलो तो तडक उतरवायलाच बसलो. दार-खिडकी सताड उघडून टर्पेंटाइनने मेण काढलं, गरम पाण्यात सोडा घालून घासलं. मेण गेलं, तरी बोटाला बुळबुळीत लागतच होतं. नखाने खरवडलं तर पांढरट पापुद्रा निघाला. तो साबण होता गं. आपल्या जड पाण्यातला क्षार आणि साबण, वर्षानुवर्षं एकावर एक बसत गेलेला. मग तू सांगितलंस तसं व्हिनेगर ओतलं आणि वीत वीत करत पुढे सरकत गेलो.

खाली काय निघालं, सांगू? रेघा! आपल्या फरशीला बारीक रेघा आहेत, पाय घसरू नये म्हणून मुद्दाम पाडलेल्या. आपण हे घर जुनं घेतलं, तेव्हाच त्या बुजलेल्या असणार, म्हणून आपल्याला पत्ताच नाही. जी फरशी तुळतुळीत म्हणून तू पाहुण्यांपुढे मिरवायचीस, ती मुळात चांगली खरखरीत आहे.

म्हणजे तू पडलीस ती म्हातारी झालीस म्हणून नव्हे. चिमी सगळ्यांना सांगत सुटली आहे ना, की आईला आता तोल सांभाळता येत नाही म्हणून? तिला एवढा भाग दोनदा वाचून दाखव. मी त्या रेघांवर पाणी ओतून चाललो, मग साबणाचा फेस करून चाललो, शेवटी दांडा धरून एका पायावर उभा राहिलो आणि असा ओरडलो की शेजारीण धावत आली. तिला वाटलं मी पुन्हा पडलो. तिलाही फरशीवर चालायला लावलं, तेव्हाच सोडलं.

कडी मी काढली नाही, बदलली. आतून नेहमीसारखी लागते. पण बाहेरच्या बाजूला एक खाच आहे, तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. लेकीचीही काळजी मिटली आणि तुझंही मन राहिलं. चिमीला म्हणावं, आता खुशाल ये परीक्षा घ्यायला.

लोभ साचून राहिला आहे, तो इथे येऊन वसूल कर.

तुझा,
जमिनीवर आलेला कारागीर


२० फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं, बरं वाटलं. तुझी ती परीक्षा आठवून आम्ही अजून हसतो. बादलीभर साबणाचं पाणी ओतलंस, चाललीस, टाच घासून पाहिलीस, वळलीस. मुद्दाम घसरायला बघत होतीस आणि काही केल्या घसरता येईना, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग ओल्या पायांनी येऊन अण्णांच्या गळ्यात पडलीस. त्या दिवसापासून ते जे छाती काढून हिंडताहेत, ते अजून खाली यायला तयार नाहीत. रोज वायपर मात्र मारतात हं, कोपऱ्यासकट. पॉलिश करायला त्यांना फक्त दाराची बाहेरची बाजू दिली आहे. तिथे हवं तेवढं घासा म्हटलं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कडी लावली. अगं, काय सांगू! गरम पाणी अंगावर घेतलं आणि कितीतरी दिवसांनी मी एकटी होते. दांडा धरून उठले, पाय जागच्या जागी. कुणाला हो म्हणायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही. मी चक्क गाणं म्हटलं. बाहेर आले तर हे दाराशेजारी खुर्ची टाकून बसलेले, मूठ आवळून. मूठ उघडायला लावली, तर आत नाणं आणि तळहातावर त्याचा लालबुंद वळ. रोज तसंच. मी म्हणे, फिरून या जरा. ते म्हणत, ऊन आहे, वारा आहे, पेपर वाचायचा राहिलाय. धीर यायला त्यांनाही वेळ हवाच.

आज सकाळी कडी लावली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि सवयीने कान दिला. खुर्ची वाजेना, पेपर वाजेना. मग ऐकू आलं. पार रस्त्याच्या पलीकडून यांचा आवाज येत होता. कुणालातरी फरशीच्या रेघांचं सांगत होते, हातवारे करत असणार. दाराशी कुणी नव्हतं, चिमे. कुणीसुद्धा नाही. मी आणखी एक बादली भरून घेतली.

आमच्यावरचा लोभ असाच ठेव, आणि काळजी जरा कमी कर.

तुझी,
आई